‘सेन्स ऑफ इम्पेन्डिंग डूम’ : हे लक्षण रुग्णाला मराठीत कसे सांगावे?

अनुवादिनी (धागाकर्ती)

नमस्कार. एका रुग्णालयासाठी रक्त चढवण्याविषयीचे माहितीपत्रक मी सध्या इंग्रजीतून मराठीत आणते आहे. ज्याला रक्ताची पिशवी लावली जाणार आहे तो रुग्ण आणि त्याच्या उशाशी बसलेला नातेवाईक हे त्याचे वाचक. रक्त चढत असताना कोणता त्रास जाणवला तर सिस्टरना ताबडतोब हाक मारावी, याची यादी त्यात आहे. थंडी वाजून ताप येणे, अंगावर पित्त उठणे, कंबरेत दुखणे, धाप लागणे, सुई टोचलेल्या जागी आग होणे ही लक्षणे मराठीत सरळ उतरली. यादीच्या शेवटी मात्र ‘सेन्स ऑफ इम्पेन्डिंग डूम’ असे एक लक्षण आहे आणि तिथे माझे घोडे अडले आहे.

शब्दकोशात ‘डूम’ पाहिले की विनाश, सर्वनाश, दुर्दैव असे प्रतिशब्द मिळतात. भाषांतराच्या यंत्राने ‘येऊ घातलेल्या विनाशाची भावना’ असे उत्तर दिले. त्यात व्याकरणाची चूक काढता येणार नाही. पण खाटेवर पडलेल्या माणसाला आपल्याला ‘विनाशाची भावना’ होत आहे असे कधी वाटेल, आणि वाटले तरी तो त्यासाठी सिस्टरना हाक मारील, यावर माझा विश्वास बसत नाही. नुसते ‘भीती वाटणे’ लिहावे, तर रक्त चढवून घेताना निम्म्या लोकांना भीती वाटतच असते आणि मग ते लक्षण उरत नाही. या शब्दाचा नेमका रोख काय आहे, आणि तो मराठीत कोणत्या शब्दांनी धरता येईल, यावर जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

धातुकोश

‘डूम’चा आजचा अर्थ मूळ जागेवरून बराच सरकलेला आहे. जुन्या इंग्रजीत ‘डोम’ म्हणजे कायदा, निवाडा, न्यायासनावरून दिलेला निर्णय. राजा आल्फ्रेडने नवव्या शतकाच्या अखेरीस जी कायद्याची संहिता करवून घेतली तिला ‘डोमबोक’, म्हणजे निवाड्यांचे पुस्तक, म्हणत. इंग्लंड जिंकून राजा झालेल्या विल्यम द कॉन्कररने १०८५ च्या नाताळात तिथल्या जमिनींची, नांगरांची आणि गुराढोरांची मोजदाद करण्याचा हुकूम काढला आणि १०८६ मध्ये जे दप्तर तयार झाले त्याला लोक पुढे ‘डूम्सडे बुक’ म्हणू लागले. बाराव्या शतकातल्या रिचर्ड फिट्झनील या राजखजिनदाराने त्याचे कारणही लिहून ठेवले आहे: अखेरच्या न्यायाच्या दिवशी जसे अपील नाही, तसे या दप्तरातल्या नोंदीवरही नाही. आयल ऑफ मॅन या बेटावर न्यायाधीशाला आजही ‘डीम्स्टर’ म्हणतात, आणि ‘किंगडम’, ‘फ्रीडम’, ‘विज्डम’ या शब्दांच्या शेपटीला जो ‘डम’ आहे तोही हाच. निवाड्यापासून प्रतिकूल निवाडा, त्यापासून शिक्षा, शिक्षेपासून कपाळी आलेला भोग आणि शेवटी विनाश, अशी या शब्दाची उतरंड आहे.

आता आपल्या बाजूने पाहा. भाषाशास्त्रज्ञ ‘डूम’चे मूळ ज्या आद्य धातूपर्यंत नेतात, त्याच धातूचा संस्कृतातला अवतार ‘धा’, म्हणजे ठेवणे, स्थापणे. त्यातून वैदिक ‘धामन्’ हा शब्द आला, ज्याच्या अर्थांत घालून दिलेला नियम हाही एक आहे. आणि त्यातूनच ‘विधी’ आणि ‘विधाता’ हे शब्द आले. ‘विधी’चा प्रवास तर हुबेहूब ‘डूम’सारखा आहे, कारण विधी म्हणजे नियम आणि विधी म्हणजे दैवही. विधी व न्याय विभागातला विधी आणि ‘विधीच्या मनात काय आहे कोण जाणे’ म्हणताना येणारा विधी, हे दोन्ही एकच. तेव्हा ‘डूम’ला ‘विनाश’ म्हणण्यात खरी हानी अशी होते की निकाल आधीच लागून गेल्याची जी जाणीव त्या शब्दात आहे ती निसटते. विनाश टाळता येण्याजोगा असू शकतो. ‘डूम’ मात्र कागदावर सही होऊन आलेले असते.

आपल्याकडे ही कल्पना सटवाईच्या रूपाने घराघरात आहेच. बाळंतिणीच्या खोलीत पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, सटवाई रात्री येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते आणि ते लिखाण पुढे कोणाला खोडता येत नाही. ‘सटवीचा लेख’ हा ‘डूम’चा मला माहीत असलेला सर्वांत जवळचा मराठी अर्थ आहे, जरी तो माहितीपत्रकात घालता येणार नसला तरी.

वसईकर

धातुकोश यांच्या प्रतिसादाला एक पुरवणी. मराठी ख्रिस्ती परंपरेत ‘डूम्सडे’साठी विनाश किंवा प्रलय हे शब्द वापरले गेले नाहीत, मराठी बायबलात ‘न्यायाचा दिवस’ असाच प्रयोग आहे आणि आमच्या प्रवचनांतही ‘अंतिम न्याय’ हेच ऐकू येते. त्यामुळे या शब्दाचा मूळ अर्थ मराठीत अगदी अनोळखी आहे असे नाही.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये चर्चच्या आतल्या मोठ्या कमानीवर अखेरच्या न्यायाचे चित्र काढत आणि त्या चित्रालाच ‘डूम’ म्हणत. मध्यभागी न्याय करणारा ख्रिस्त, एका बाजूला स्वर्गाची वाट, दुसऱ्या बाजूला नरकाचा आ वासलेला जबडा आणि खाली थडग्यांतून उठणारी माणसे, अशी त्याची मांडणी असे. धर्मसुधारणेच्या काळात अशा पुष्कळ चित्रांवर चुना फासला गेला. सफोक परगण्यातल्या वेनहॅस्टन गावच्या चर्चमध्ये हे चित्र लाकडी फळ्यांवर होते. १८९२ मध्ये दुरुस्तीच्या वेळी त्या पांढऱ्या फळ्या निरुपयोगी म्हणून आवारात टाकून दिल्या, पावसाने चुना धुतला गेला आणि खालून रंगीत आकृत्या वर आल्या. आज त्या फळ्या त्याच चर्चमध्ये आहेत. सांगायचे इतकेच की ज्या समाजाने दर रविवारी मान वर करून ‘डूम’ पाहिले, त्याच्या भाषेत या शब्दाचे वजन ‘भीती’पेक्षा फार वेगळे असणार.

निवृत्त_मास्तर

चर्चा छान चालली आहे. परंतु इंग्रजीत या कुळातले चार-पाच शब्द आहेत आणि आपण त्यांची सरमिसळ करतो, म्हणून ते आधी वेगळे करून घेऊ.

‘ड्रेड’ ही माहीत असलेल्या गोष्टीची पुढून येणारी भीती आहे. सोमवारी शस्त्रक्रिया आहे हे ठाऊक असल्याने शनिवारपासून पोटात गोळा येतो, तो ‘ड्रेड’. मराठीत ‘धास्ती’ हा त्याला चपखल शब्द आहे. (‘धसका’ नव्हे, धसका एखादी गोष्ट घडून गेल्यावर तिने मनात घर केले की म्हणतात.) ‘फोरबोडिंग’मध्ये काय येणार हे ठाऊक नसते, काहीतरी वाईट येणार एवढेच वाटते. त्यातला ‘बोड’ हा जुन्या इंग्रजीतल्या निरोप सांगण्याच्या क्रियापदातून आला आहे, म्हणजे निरोप आला आहे पण मजकूर फोडलेला नाही. आपण अशा वेळी मनात पाल चुकचुकली म्हणतो. ‘ऑमिनस’ हे विशेषण माणसाच्या मनाला लागत नाही, चिन्हाला लागते: आभाळ, शांतता, एखाद्याचे मौन. वर्तमानपत्रात त्याला ‘अशुभसूचक’ म्हणतात, पण घरात कोणी तसे बोलत नाही. घरात ‘लक्षण काही ठीक दिसत नाही’ असे म्हणतात आणि ते कितीतरी सरस आहे. ‘इम्पेन्डिंग’चे मूळ लॅटिनमधल्या टांगण्याच्या क्रियापदात आहे. त्याला ‘येऊ घातलेले’ हा प्रयोग एके काळी शोभला असता, पण हल्ली होऊ घातलेले उड्डाणपूल आणि होऊ घातलेली संमेलने यांनी त्यातली भीती पार घालवली आहे. ‘टांगती तलवार’ आपण उसनी घेऊन पचवलेली आहे, तिचा विचार व्हावा.

राहिले ‘डूम’. हा शब्द भावनेचा नाही, घटनेचा आहे. म्हणूनच इंग्रजीत नुसते ‘डूम वाटले’ असे म्हणता येत नाही. ‘सेन्स ऑफ’ हे शेपूट आधी जोडावे लागते. मराठीत आपण नामाला नाम शोधत बसलो आहोत, तिथेच अडचण होते आहे असे मला वाटते. मराठी माणूस ही गोष्ट नामाने सांगतच नाही, क्रियापदाने किंवा नकाराने सांगतो: ‘आता आपली धडगत नाही’, ‘माझं काही खरं नाही’, ‘याचे दिवस भरले’. ही तिन्ही वाक्ये निकाल लागल्याची आहेत, भीतीची नाहीत.

अवांतर: ‘दिवस भरले’ हे माहितीपत्रकात चुकूनही घालू नये. तेच पत्रक प्रसूती विभागात गेले तर तिथल्या बायकांचे दिवस भरलेलेच असतात.

हृदयविभाग

मी अनेक वर्षे हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून काम करते. धागाकर्ती ताईंचा प्रश्न आमच्यापुढे पुस्तकातून येत नाही, औषधाच्या सिरिंजमधून येतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

हृदयाचे ठोके एकाएकी फार वाढून दीडशे-दोनशेच्या घरात जातात असा एक विकार आहे आणि त्यात ‘अ‍ॅडिनोसिन’ नावाचे इंजेक्शन देतात. पहिला डोस साधारणपणे ६ मिलिग्रॅमचा, उपयोग झाला नाही तर पुढचा १२ मिलिग्रॅमचा. हे औषध रक्तात काही सेकंदच टिकते, त्यामुळे ते मोठ्या शिरेतून झटकन देऊन मागोमाग सलाइन ढकलावे लागते. ते हृदयात पोहोचले की वरच्या कप्प्यांतून खाली जाणारा विजेचा संदेश क्षणभर अडतो, मॉनिटरवरची रेघ काही सेकंद सपाट होते आणि मग, सगळे नीट झाले तर, ठोके शांत लयीत परत सुरू होतात. त्या काही सेकंदांत रुग्णाला जे वाटते त्याचे वर्णन पुस्तकांत ‘इम्पेन्डिंग डूम’ असेच असते. छातीवर दाब येतो, चेहरा तापतो, श्वास अडल्यासारखा होतो. पण या सर्वांहून वेगळी, आपण आता संपलो अशी खात्री त्या माणसाला वाटते. खात्री हा शब्द मी विचार करून लिहिते आहे. भ्यालेला माणूस प्रश्न विचारतो, ‘सिस्टर, मला काही होणार नाही ना?’ हे वाटणारा माणूस प्रश्न विचारत नाही. तो हात घट्ट धरतो आणि सांगतो, ‘सिस्टर, मी चाललो.’

म्हणून औषध देण्याआधी आम्ही बजावून सांगतो. मी स्वतः असे म्हणते: ‘काका, आता एक औषध देणार आहे. पाच-दहा सेकंद जीव गेल्यासारखं वाटेल. तसं वाटणारच आहे, ते औषधाचं काम आहे, मी इथेच आहे.’ नवीन मुली ‘थोडं कसंतरी होईल’ एवढेच सांगतात आणि मग रुग्ण नंतर रागावतो, कारण जे झाले ते थोडे नव्हते आणि कसंतरीही नव्हते. एका आजोबांनी ठोके जागेवर आल्यावर मला विचारले होते, ‘मी जाऊन आलो का गं?’

तेव्हा माझे मत असे की ‘जीव जातोय असे वाटणे’ हे सरळ लिहावे. रुग्ण तेच बोलतात.

शंकासुर

मला एक मूलभूत शंका आहे. हे लक्षण म्हणून वेगळे आहे तरी का? पॅनिक अटॅकमध्येही आपण मरणार अशी भीती वाटते. मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणाच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत त्या झटक्याची जी १३ लक्षणे दिली आहेत त्यांत मरणाची भीती हे एक आहे. मग रक्ताच्या पिशवीकडे पाहून घाबरलेल्या माणसाला आपण पत्रकात ‘तुम्हाला जीव जातोय असे वाटू शकते’ असे सांगितले तर त्याला ते वाटलेच म्हणून समजा. सुचवलेला त्रास होतोच, हे वैद्यकाला ठाऊक आहे. माझ्या मते हा मुद्दा पत्रकातून वगळणे अधिक शहाणपणाचे.

क्वीन्सलँडवासी

शंकासुर यांच्या प्रश्नावर आमच्याकडचे एक उदाहरण देतो, कारण ते या शब्दाच्या वापरातले बहुधा सर्वांत गाजलेले आहे.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर उन्हाळ्यात पोहणाऱ्या लोकांना एक विचित्र आजार होत असे. पाण्यात काहीतरी हलकेसे चावल्यासारखे वाटे, त्याचा व्रणही धड दिसत नसे, आणि साधारण अर्ध्या तासाने पाठ, पोट, हातपाय यांत असह्य वेदना, घाम, उलट्या आणि वाढलेला रक्तदाब सुरू होई. केर्न्सच्या ह्यूगो फ्लेकर या डॉक्टरांनी १९५२ मध्ये या आजाराला तिथल्या आदिवासी समाजाच्या नावावरून ‘इरुकांजी’ हे नाव दिले. कारण मात्र सापडले नव्हते. जॅक बार्न्स या डॉक्टरांनी १९६१ मध्ये नखाएवढी पारदर्शक जेलीफिश पकडली आणि तिचा डंख स्वतःला, आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला आणि किनाऱ्यावरच्या एका जीवरक्षकाला करवून घेतला. थोड्याच वेळात तिघांनाही रुग्णालयात न्यावे लागले आणि कोडे सुटले. (मुलावर असा प्रयोग आज कोणी करू धजणार नाही, आणि तेच बरे.) पुढे त्या जेलीफिशच्या शास्त्रीय नावात बार्न्स यांचे नाव गुंफले गेले.

या आजाराच्या वर्णनात ‘फीलिंग ऑफ इम्पेन्डिंग डूम’ हे शब्द हटकून असतात. व्रण न दिसलेल्या, आपल्याला काय चावले हे माहीतही नसलेल्या माणसाला ते वाटते, म्हणजे ते सुचवण्यातून आलेले नसते. विषामुळे अ‍ॅड्रिनलिनच्या जातीची द्रव्ये रक्तात मोठ्या प्रमाणात सुटतात, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. मूत्रपिंडाच्या डोक्यावरच्या ग्रंथीत होणारी एक गाठ हीच द्रव्ये मधूनमधून रक्तात सोडते, आणि तिच्या झटक्यांतही रुग्ण हेच सांगतात. भीती शरीरातून मनाकडे चढते आहे, उलट नाही.

जाता जाता या शब्दाच्या घसरगुंडीचाही इथलाच नमुना: आमच्या मॅक्वारी शब्दकोशाच्या निवड समितीने २०२० चा शब्द म्हणून ‘डूमस्क्रोलिंग’ निवडला होता. रात्री अंथरुणात पडून वाईट बातम्या एकामागून एक पाहत राहणे म्हणजे ‘डूमस्क्रोलिंग’. आल्फ्रेड राजाच्या संहितेपासून इथपर्यंत.

हृदयविभाग

शंकासुर, तुमची शंका रास्त आहे आणि आमच्या विभागातही ती निघते. पण वगळण्याशी मी सहमत नाही. हे वाटणे पॅनिकचे आहे, फुप्फुसात अडकलेल्या गुठळीचे आहे, तीव्र अ‍ॅलर्जीचे आहे की न जुळणारे रक्त गेल्याचे आहे, हे रुग्णाने ठरवायचे नसते. त्याने फक्त सांगायचे असते. हाक आली की आम्ही नाडी, रक्तदाब, ताप आणि श्वास पाहतो, पिशवीवरचे नाव आणि गट पुन्हा पडताळतो आणि संशय असेल तर रक्त आधी थांबवतो. चुकीच्या गटाचे रक्त गेले असेल तर प्रत्येक थेंब महत्त्वाचा असतो, आणि म्हणूनच पहिली पंधरा मिनिटे रुग्णावर विशेष लक्ष ठेवायची पद्धत आहे. काही वेळा थंडी किंवा ताप दिसण्याआधी रुग्ण नुसता अस्वस्थ होतो. दहा जणांची हाक पॅनिकची निघाली तरी आमचे दोन-दोन मिनिटे जातील, एवढेच.

शंकासुर

हे पटले. तरीही शब्दयोजना अशी असावी की वाचणाऱ्याला ते भाकीत वाटू नये. ‘वाटू शकते’ ऐवजी ‘वाटले तर’ असे लिहिल्यास फरक पडेल असे मला वाटते.

आयुर्वेदाचा_विद्यार्थी

आपल्या परंपरेत यासाठी शब्द आहे का, असा प्रश्न कोणी विचारण्याआधीच सांगतो की ‘अरिष्ट’ हा आहे, पण तो उपयोगाचा नाही. चरकसंहितेत इंद्रियस्थान नावाचे १२ अध्यायांचे एक संपूर्ण स्थान मृत्युसूचक लक्षणांना वाहिलेले आहे. वर्ण, स्वर, गंध, छाया, स्वप्ने, निरोप घेऊन आलेल्या दूताचे वागणे अशा अनेक गोष्टींवरून रुग्ण वाचेल की नाही हे वैद्याने कसे ओळखावे, याचा तो विचार आहे. यातला भर वैद्याला काय दिसते यावर आहे. ‘इम्पेन्डिंग डूम’ हे याच्या नेमके उलट टोकाला आहे, कारण इथे वैद्याला अजून काहीच दिसलेले नसते आणि रुग्णाला कळून चुकलेले असते.

शिवाय ‘अरिष्टाची जाणीव’ असे छापलेत, तर आजच्या वाचकाला दशमूलारिष्टाची बाटली आठवणार.

वऱ्हाडी_ठेचा

मास्तरांशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडचा रुग्ण ‘विनाश’ही म्हणणार नाही आणि ‘भीती’ही म्हणणार नाही. तो म्हणेल, ‘सिस्टर, जीव घाबरून राह्यला.’ आणि इथे एक बारकावा आहे जो शहरी भाषांतरकारांच्या हातून सुटतो. ‘मी घाबरलो’ आणि ‘माझा जीव घाबरतो आहे’ ही दोन वाक्ये एकसारखी नाहीत. पहिल्यात कारण बाहेर असते: साप, परीक्षा, साहेब. दुसऱ्यात कारण लागतच नाही. ते डोके दुखण्यासारखे अंगाचे दुखणे आहे आणि गावाकडचा माणूस डॉक्टरला ते तसेच सांगतो. ‘घाबरं होतंय’ म्हणणाऱ्या बाईला ‘घाबरू नका’ असे उत्तर देणारा डॉक्टर मराठी असूनही मराठी समजत नाही, असे म्हणायला हरकत नाही.

धातुकोश

फार महत्त्वाचा मुद्दा. ‘जीव’ हा कर्ता झाला की मराठीत वाक्य माणसाच्या ताब्यातून सुटते. जीव घाबरतो, जीव खालीवर होतो, जीव कासावीस होतो, जीवात जीव येतो. इंग्रजीला जे ‘सेन्स ऑफ’ लावून साधावे लागले ते मराठीने कर्ता बदलून साधले आहे. फक्त एक उणीव राहते. ‘जीव घाबरणे’ यात शरीराची बाजू पूर्ण येते, पण निकालाची बाजू येत नाही. उन्हातून आल्यावरही जीव घाबरा होतो आणि लिंबाच्या सरबताने शांत होतो. हृदयविभाग यांनी सांगितलेली ती खात्री त्यात नाही.

निवृत्त_मास्तर

मग दोन्ही घ्या. जीव घाबरा होणे हे शरीरासाठी आणि ‘माझं काही खरं नाही’ हे निकालासाठी. एका इंग्रजी पदबंधाला एकच मराठी पदबंध द्यावा असा दंडक कोणी घातलेला नाही. दुसरे वाक्य अवतरणात ठेवले तर ते रुग्णाच्या तोंडचे आहे हे कळेल आणि पत्रकाची भाषा बिघडली असे साहेबांना वाटणार नाही.

वर्तमानपत्रांचीही हीच अडचण असते, हे या निमित्ताने सांगून टाकतो. अणुशास्त्रज्ञांच्या नियतकालिकाने १९४७ मध्ये मध्यरात्रीला, म्हणजे जगाच्या अंताला, सात मिनिटे कमी दाखवून जे ‘डूम्सडे क्लॉक’ सुरू केले आणि जे २०२५ मध्ये ८९ सेकंदांवर आणले गेले, त्याला आपल्याकडे ‘प्रलयघड्याळ’ म्हटले की वाचकाला ते काहीतरी मोजणारे यंत्र वाटते. ते मोजत काहीच नाही. तज्ज्ञ बसून जगाच्या अवस्थेवर आपला निवाडा देतात आणि काटा हलवतात. १९९१ मध्ये शीतयुद्ध सरल्यावर तो सतरा मिनिटांपर्यंत मागेही नेला होता. निवाडा हा अर्थ तिथेही शाबूत आहे, फक्त भाषांतरात गळतो.

अनुवादिनी (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. ‘जीव जातोय असे वाटणे’ हे हृदयविभाग ताईंचे शब्द मला सर्वांत थेट वाटले होते. परंतु ते एकट्याने यादीत ठेवले तर शंकासुर म्हणतात तसा परिणाम होण्याचा धोका आहे, आणि औषध देताना शेजारी उभी असलेली सिस्टर जो धीर देते तो छापील कागदाला देता येत नाही. म्हणून मास्तर आणि वऱ्हाडी_ठेचा यांच्या सूचना एकत्र करून पुढील मजकूर केला आहे. यादीतून काढून तो खाली वेगळा ठेवला आहे, कारण ताप आणि खाज यांच्या रांगेत तो वाचला जाणार नाही.

‘रक्त चढत असताना एकाएकी जीव घाबरा झाला, किंवा “आता माझं काही खरं नाही” असे आतून वाटू लागले, तर त्याचे कारण शोधत बसू नका. दुसरा काही त्रास नसला तरी सिस्टरना लगेच हाक मारा.’

हृदयविभाग

मजकूर चांगला उतरला आहे. ‘दुसरा काही त्रास नसला तरी’ हे फार आवश्यक होते, कारण लोक ताप येण्याची वाट पाहत थांबतात. एक भर सुचवते. रुग्ण हे सिस्टरना सांगण्याआधी उशाशी बसलेल्या बायकोला किंवा मुलाला सांगतो, आणि ती मंडळी मायेपोटी ‘काही होत नाही, डोळे मिटून पडा’ असे म्हणून त्याला गप्प करतात. नातेवाइकांसाठी स्वतंत्र ओळ हवी.

वऱ्हाडी_ठेचा

आणि ती ओळ आज्ञार्थी असावी. आपल्याकडे ‘कृपया’ वाचले की माणूस सूचना ऐच्छिक समजतो.

अनुवादिनी (धागाकर्ती)

दोन्ही सूचना मान्य. भर घातलेली ओळ अशी: ‘रुग्ण असे काही बोलला, तर त्याची समजूत घालू नका, आधी सिस्टरना बोलवा.’ पत्रक आता रक्तपेढीच्या डॉक्टरांकडे तपासणीला जाईल. ते अवतरणातल्या बोलीभाषेला हरकत घेतील अशी शक्यता आहे. घेतली तर हा धागा त्यांना जसाच्या तसा पाठवीन. ‘आतून’ हा शब्द ठेवावा की काढावा याविषयी मात्र माझे मन अजून बनलेले नाही. ज्यांचे काही मत असेल त्यांनी दोन दिवसांत कळवावे.

शंकासुर

ठेवावा. बाहेरून वाटणारी भीती आणि हे, यांतला फरक सांगणारा त्या वाक्यात तेवढाच एक शब्द आहे.